परकी पिले
फाल्गुनात बेळगावजवळच्या आमच्या मळ्यावर एक कोकरू आईवेगळे झाले. मेंढी आपले पिलू वासाने ओळखते; व्याल्यावर तासा-दोन तासांत ती ओळख पक्की होते, मग परक्यास ती ढुशीच मारते. आणि पहिला चीक वेळेवर पोटात गेला नाही, तर कोकरू जगणे कठीण. त्याच रात्री दुसऱ्या मेंढीचे कोकरू मेलेले उपजले. धनगराने त्याचे कातडे या पोरक्याच्या पाठीवर बांधले. ती बराच वेळ हुंगत राहिली. मग तिने त्याला आचळाशी येऊ दिले.

मेंढीला असे फसवावे लागते. कोंबडी बिचारी आपण होऊन फसते. हंसीला कोल्ह्याने नेले, तेव्हा तिची ४ अंडी आम्ही खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस पुरतात, हंसीच्या अंड्यांना २८ ते ३०. ती उठली नाही. पुढे पिले पाटात उतरली, तेव्हा काठाने धावत तिने केवढा आकांत मांडला!