दोन वर्षं नुसतं ऐकायला?

मायबहिणींनो, माझी पुतणी अमेरिकेत मानसिक समुपदेशनाची पदवी घेते आहे हे कळलं तेव्हा, खरं सांगते, मला हसू आलं. दोन माणसांनी बसून बोलायचं, त्याला कसलं आलंय कॉलेज! तुम्हीही हेच म्हणाल.

नाताळच्या सुट्टीत ती घरी आली. तुरीच्या शेंगा सोलता सोलता एकेक सांगू लागली. तिकडे अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'केक्रेप' नावाची संस्था आहे. तिच्या नियमाप्रमाणे ६० क्रेडिटचा अभ्यास, म्हणजे दोन-तीन वर्षं जातात. पण नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. आधी १०० तासांचं प्रात्यक्षिक, त्यात निदान ४० तास खऱ्या दुःखी माणसाशी बोलायचं. मग ६०० तासांची उमेदवारी, त्यातले २४० तास पुन्हा तसेच. दर आठवड्याला आपलं काम मार्गदर्शकापुढे ठेवायचं. समोरच्याच्या परवानगीनं बोलणं रेकॉर्डसुद्धा करतात. एकदा तिच्या बाईंनी रेकॉर्डिंग मध्येच थांबवलं न् म्हणाल्या, "इथं तिला रडू येत होतं आणि तू घाईनं सल्ला दिलास. कुणाच्या सोयीसाठी?"

माझा शेंगेवरचा हात थांबला.

तेल्या रोगानं आमच्या धाकट्या भाऊजींची डाळिंबाची बाग गेली होती. रात्र रात्र बांधावर बसून राहायचे. मी म्हणायची, "भाऊजी, तेल्या काय तुमच्याच बागेत आला? पोरांकडे बघा." ते 'हो' म्हणून उठून जायचे. मला वाटायचं, समजूत पटली.

"मग तूच बस की काकांजवळ," मी पुतणीला म्हटलं. ती नाही म्हणाली. घरच्या माणसांचं समुपदेशन करायचं नाही, हा त्यांचा नियम. शिवाय ती अजून शिकतेय. पदवीनंतरही स्वतंत्र परवाना मिळेपर्यंत दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. मला रागच आला. एवढं शिकून घरच्या कामाला नाही!

संध्याकाळी तीच चुलीपाशी आली. "काकू, पुतणी म्हणून मी बसेनच. पण त्यांचं रोजचं बोलणं तुझ्याशी. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का म्हणून." मी दचकले. नसलेलं मनात भरलं तर? नाही, म्हणाली, विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, माणूस मोकळा होतो. उत्तर येईस्तोवर मध्ये बोलायचं नाही, आणि 'हो' आलं तर एकटं सोडायचं नाही. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तिनं भिंतीवर लिहिला. २०२२ साली सुरू झालेला; पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात विचारलं. भाऊजी धार काढत होते. हात थांबला. बराच वेळ गप्प. मीही गप्प; फार जड गेलं हो, जीभ नुसती वळवळत होती. मग म्हणाले, "वहिनी, दोनदा वाटलं."

त्याच दिवशी फवारणीची औषधं कुलपात घातली, किल्ली माझ्या कनवटीला. भिंतीवरच्या नंबरला फोन केला. आठवड्याच्या आत त्यांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. आता महिन्यातून एकदा एस.टी.नं जातो. मी बाहेर बाकावर बसते. आत काय बोलणं झालं, ते विचारत नाही.