पालथा बिल्ला

बिल्ला हातात आला की मी तो आधी पालथा करतो. पुढचं जहाज, गरुड, स्वस्तिक हे नकली माल काढणाऱ्यांनाही छान जमतं. चोरी पकडली जाते ती मागच्या बाजूला. पिनेची बिजागरी कशी बसवली आहे, नक्षीच्या फटींत कानशीचे ओरखडे दिसतात का, धातूवर फोड आलेत का. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आरमाराचे सुरुवातीचे बिल्ले तोंबाकचे, म्हणजे भरपूर तांबं असलेल्या पितळेचे. पुढे तांब्याची टंचाई झाली आणि जस्त आलं. जस्तावर मुलामा टिकत नाही, त्यामुळे पिवळाधमक जस्ताचा बिल्ला दिसला की मी हात आखडता घेतो. एवढं करूनही फसगत होतेच, कारण व्हिएन्नाच्या झूवाल कारखान्याने युद्ध संपल्यावरही जुन्याच साच्यांतून माल काढला. साचा खरा, वस्तू मात्र नंतरची!

सदाशिव पेठेत या चिकित्सेचं कुणाला नवल वाटत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं, आमच्याच पेठेतलं. अस्सल कागद कुठला आणि नक्कल कुठली, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. लोक विचारतात ते वेगळंच: ‘नाझींचं कशाला जमवता?’ प्रश्न रास्त आहे. हे बिल्ले मी भिंतीवर लावत नाही, खणात ठेवतो. खुद्द पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून जुनी पदकं लावायला परवानगी दिली, पण स्वस्तिक काढून टाकायच्या अटीवर.

माझ्याकडचा आवडता बिल्ला नाकेबंदी फोडणाऱ्यांचा. १ एप्रिल १९४१ रोजी सुरू झालेला. जहाजाची नाळ साखळी तोडते आहे, असं चित्र. इंग्रजांची नाकेबंदी ओलांडून जहाज बंदरात आणलं तर तो मिळे. आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आपलंच जहाज बुडवलं, तरीही मिळे. हे कलम वाचलं की मला मुरगाव आठवतं. १९३९पासून एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजं तटस्थ पोर्तुगीज गोव्यात अडकून पडली होती. एहरेनफेल्सवरच्या चोरट्या बिनतारी यंत्रातून पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा वहीम. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे पोक्त स्वयंसेवक फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवरून आले आणि एहरेनफेल्सवर चढले. तिचा कप्तान मारला गेला. खलाशांनी पाण्याच्या झडपा उघडल्या, आगी लावल्या. बाकीच्या जहाजांनीही तेच केलं. छापा घालणाऱ्यांना पदक नाही, कारण छापा पडलाच नव्हता, असं दाखवायचं होतं. १९७८ साली जेम्स लीझरचं पुस्तक आलं, तेव्हा कुठे गोष्ट चारचौघांत आली; दोन वर्षांनी ग्रेगरी पेकचा सिनेमाही. (सिनेमा बघावा तो गोव्यासाठी.)

आता कुणी ‘हा मुरगावच्या खलाशाचा बिल्ला’ म्हणून दुप्पट भाव सांगितला, तर मी सनद मागतो. बिल्ल्यावर फार तर कारखानदाराचा छाप असतो. ज्याने तो छातीवर लावला त्याचं नाव फक्त सोबतच्या कागदावर. कागद हरवला की माणूस गेला.

आपल्याकडे उलट. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांची पदकं कोरी वाटली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली सापडते. गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. जुन्या बाजारात रविवारी पितळी समया आणि बंद घड्याळांच्या ढिगात असा एखादा मराठा पलटणीचा तारा निघतो. पहिल्या महायुद्धातली चांदीची पदकं तर कितीतरी घरांतून सोनाराकडे जाऊन आटली. नावगाव शोधता येईल असा हा तारा किरकोळीत मिळतो आणि निनावी जर्मन जस्ताला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. बाजाराचं हे गणित मला पटत नाही. अलीकडे मी जर्मन बिल्ले विकून तारे घेतो. विकताना गिऱ्हाईक भिंग काढतं, बिल्ला पालथा करतं, आणि मग सौदा तासभर चालतो.