निळ्या नळीची साक्ष

सौंसरजवळच्या जामसावळीस पिंपळाखाली निजलेल्या हनुमंताचे स्थान आहे. शनिवारी तेथे पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, इतकेच काय पण नागपूरकडूनही भाविक येतात, आणि त्यांतील बहुतेक मोटारसायकलींवर येतात. दर्शन आटोपून चपला शोधताना आमची दृष्टी पुष्कळदा त्या गाड्यांच्या रांगेकडे जाते. इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी जेथे खाली वळते, तेथे जुन्या चकचकीत गाड्यांवर रंगांचे पट्टे दिसतात. इंजिनालगत करडा निळा, त्यापुढे जांभळा, मग तांबूस, मग सोनेरी, आणि मागे सायलेन्सरकडे पुन्हा मूळची चकाकी. क्रम सहसा बदलत नाही.

आमच्या भागात या रंगाचा अर्थ एकच लावला जातो: गाडी जळाली. जुनी गाडी घेणारा प्रथम वाकून नळी पाहतो आणि निळे दिसले की किंमत पाडतो. विकणाराही काही भोळा नसतो. तो आदल्या रात्री पॉलिश लावून नळी घासून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी या निळ्या रंगाने आमच्या कचेरीत एक भांडण आणले. उभयतांच्या संमतीने, परंतु नावे टाळून, ते येथे सांगतो. सौंसरकडील एका संत्र्याच्या बागाईतदाराने आपली जुनी मोटारसायकल पांढुर्ण्यातील एका मिस्त्रीकडून उघडून दुरुस्त करून घेतली. महिन्याभरात नळी निळी पडली. बागाईतदाराने मजुरीचे उरलेले पैसे अडवले, एवढ्यावरच न थांबता सप्ताहाच्या पंगतीत, देवळाच्या मंडपात, दीडशे माणसांसमक्ष तो म्हणाला, "यानं माझी गाडी जाळली." मिस्त्री त्याच पंगतीत जेवायला बसला होता. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या दुकानापुढील गाड्या निम्म्यावर आल्या. त्यानंतर बागाईतदार नुकसानभरपाईची नोटीस लिहून घेण्यास आमच्याकडे आला. (१९५६ नंतर हा मुलूख मध्यप्रदेशातच राहिल्यामुळे आमच्याकडे भांडण मराठीत होते आणि नोटीस हिंदीत जाते.) आम्ही पुरावा विचारला. तो म्हणाला, "वकीलसाहेब, पाइपच बोलून राहिला ना! अजून काय पुरावा पाहिजे?"

तेव्हा नळी नेमके काय बोलते, हे पाहणे भाग पडले.

पहिली गोष्ट ही की, तो रंग काजळी नव्हे. देवळातील समईवर काळे चढते ते वरून बसलेले असते. चिंच आणि राख लावली की निघते. नळीवरचा निळा रंग धातूतूनच उपजतो. तापलेल्या पोलादाचा किंवा क्रोमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याला स्वतःचा निळा रंग मुळीच नसतो. प्रकाशाचा काही भाग पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही आत शिरून खालच्या धातूवरून परततो. या दोन परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मारले जातात आणि उरलेले आपल्याला दिसतात. पापुद्रा अगदी पातळ असताना जांभळ्या-निळ्या टोकाचे किरण मारले जातात, म्हणून नळी सोनेरी दिसते. तो जाड होत गेला की पाळी हिरव्यावर येते आणि नळी जांभळी होते. आणखी वाढल्यावर पिवळा-तांबडा लोपून निळा उरतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे आणि साबणाच्या फुग्याचे रंग याच जातीचे. न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशावरील ग्रंथात पातळ थरांच्या रंगांची मोजमापे दिली होती. लाटांच्या आधाराने त्यांचा उलगडा पुढे शंभरएक वर्षांनी थॉमस यंगने केला.

आमच्या लोहारांना मात्र हे रंग पिढ्यान्‌पिढ्या वाचता येतात. छिन्नीला पाणी देताना तो तिचे तापलेले टोक पाण्यात बुडवतो, दगडावर घासून लखलखीत करतो, आणि मागच्या अंगातील उष्णता पुढे सरकू लागली की डोळे न हलवता पाहत बसतो. सुमारे २२० अंश सेल्सियसला फिकट पिवळा रंग येतो, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० ला निळा. हवा तो रंग धारेपाशी पोचताच छिन्नी पुन्हा पाण्यात जाते. क्षणाचा उशीर झाला तर धार मऊ पडते. स्टेनलेस पोलादावर किंवा क्रोमवर हेच रंग उमटायला याहून पुष्कळ अधिक ऊन लागते, आणि उष्णतेइतकाच वेळही त्यात भर घालतो. परंतु वाचण्याची रीत तीच.

म्हणजे नळी खोटे बोलत नाही. ती सांगते की, येथवर इतके ऊन पोचले होते. ते कोणामुळे पोचले, हे ती सांगत नाही, आणि कोणत्या दिवशी पोचले हेही नाही. इंजिनात हवा जास्त व पेट्रोल कमी गेले, ठिणगी उशिरा पडली, नळीच्या तोंडाशी गॅस्केट सैल राहून बाहेरची हवा आत शिरली, तरी नळी अति तापते. काही गाड्यांवर तर सारे ठीक असूनही पहिल्या काही दिवसांतच सोनेरी कडे उमटते. उलट, दुहेरी भिंतीच्या नळीत आतले ऊन बाहेर कमी पोचते, आणि आताच्या काळ्या रंगविलेल्या नळ्यांवर तर काहीच दिसत नाही. म्हणून ती इंजिने थंड असतात असे नव्हे. आणि पॉलिशने पापुद्रा घासला जाऊन साक्षीदारच नाहीसा होतो, हे वर आलेच आहे.

पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यातील ४५ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील ३९ वे कलम, अशा ठिकाणी जाणत्याच्या मताला जागा देते. आम्ही नोटीस न लिहिता बागाईतदाराला एवढेच सुचविले की, तिसऱ्या गावच्या मिस्त्रीकडून दोघांच्या देखत गाडी पाहून घ्यावी. तो कुरकुरत कबूल झाला. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराच्या तुकड्याला खालच्या अंगाने बारीक चीर सापडली. तेथून हवा आत ओढली जात होती. रबर जुने, कडक झालेले होते. दुरुस्तीच्या वेळी ते काढून पुन्हा बसविताना चिरले, की बागेच्या उन्हात आधीच चिरले होते, हे तिसऱ्या मिस्त्रीला सांगता आले नाही, आणि सांगता येत नाही असे तो स्पष्ट म्हणाला. आमच्या मते त्या दिवशीची सर्वांत मोलाची साक्ष तीच होती. इंजिन मात्र शाबूत होते; जळाले काहीच नव्हते.

नवे रबर फार महाग नव्हते. बागाईतदाराने ते घेतले, अडवलेली मजुरी आमच्या टेबलावर मोजून दिली, आणि नळी बदलण्याचा खर्च स्वतःच सोसण्याचे मान्य केले. मिस्त्रीने पैसे न मोजता खिशात घातले. तो म्हणाला, "वकीलसाहेब, हे इथं मिळाले; पंगतीत बोलले त्याचं काय?" बागाईतदार खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यानंतर दोन सप्ताह झाले. दोन्ही वेळा दोघेही पंगतीला होते, आणि मंडपात तो विषय निघालेला नाही.