तीस फूट वायर

बँकेत वीस वर्षे काढलेल्या बी. कॉम. माणसाने हातात हातोडी घेऊ नये, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. तरीही २०१९ च्या दिवाळीत मी ती घेतली. सातारच्या आमच्या जुन्या घरात नवी वायर ओढायची आणि आईच्या पलंगाशेजारी दुसरा फोन बसवायचा, असा माझा संकल्प होता.

याला कारण कृष्णामाई. मी नोकरीपायी सांगलीत, आई सातारला एकटी. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला बरोबर घेते, कऱ्हाडला तिला कोयना भेटते, आणि मग सगळ्याजणी मिळून सांगलीला येतात. त्यामुळे कोयनेचे दरवाजे उघडल्याचे कळले की आईचा फोन ठरलेला. "अरे, आमच्याकडचं पाणी तुमच्याकडे निघालंय. सांभाळा." जणू तिनेच ते डब्यात भरून एस.टी.ने पाठवले आहे! सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे तिला माझ्या पगारापेक्षा पक्के ठाऊक.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाणी ४५ च्या कितीतरी वर गेले. आमच्या दारापर्यंत आले नाही, पण वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलने मान टाकली. दोन दिवसांनी एका सहकाऱ्याच्या घरून सातारला फोन लावला. घंटा वाजू लागली आणि मी मोजू लागलो. मोजणे हा आमचा धंदाच. चौदाव्या घंटेला आईचा आवाज आला, धापा टाकत.

"एवढा वेळ?"

"काही नाही रे, उंबरा लागला जरासा."

जरासा म्हणजे किती, ते नंतर शेजारच्या काकूंनी सांगितले. अंगठ्याला तीन टाके.

आमचा फोन पुढच्या सोप्यात, आई मागच्या खोलीत, मध्ये माजघर आणि दोन उंबरे. मोबाइल घेऊन दिला होता. पण "चार्जिंग वाया जायला नको" म्हणून तो बंद करून कपाटात, पातळाच्या घडीत ठेवलेला. बिनतारी फोन आणावा, तर त्याला घरची वीज लागते, आणि आमची वीज पावसाचा पहिला थेंब पाहूनच माहेरी जाते. साध्या तारेच्या फोनचे तसे नाही. त्याला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट पुरतात. घरात अंधार असला तरी तो बोलतो. तेव्हा वायरच ओढायची ठरली.

खोल्या मोजल्या, तीस फूट भरल्या. सांगलीहून तीस फूट वायर, क्लिपांची पुडी, एक फोन आणि दुकानदार जिला 'रोझेट' म्हणाला ती भिंतीवरची चौकोनी डबी घेऊन मी सातारला उतरलो. मोजताना एक चूक झाली होती. मी माणूस जसा चालतो तसे जमिनीवरून मोजले होते. वायर उंबऱ्यावरून नेली असती तर आईची अडखळायची कायमची सोय झाली असती. म्हणून ती चौकटीवरून न्यायची, म्हणजे एका बाजूने चढणार, दुसऱ्या बाजूने उतरणार. वायर संपली तेव्हा मी दुसऱ्या चौकटीच्या माथ्याशी स्टुलावर उभा होतो. कॅशला शॉर्ट आले की पोटात जो गोळा येतो, तो तिथे वर आला. राजवाड्याकडे जाऊन आणखी वायर आणली.

भिंती पांढऱ्या मातीच्या. खिळा ठोकला की क्लिपेसकट आत जाई आणि बदल्यात पसाभर माती बाहेर येई. आई खाली सुपली धरून उभी. "हळू रे, तुझ्या आजोबांनी बांधलेली आहे." शेवटी भिंतीचा नाद सोडून चौकटी, तुळया असे लाकूड धरत धरत गेलो आणि रोझेट खुंट्यांच्या फळीवर ठोकला.

वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारचे काका खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते.

"विजेच्या वायरीला खेटून नेऊ नका, फोन घुमेल."

"यातली प्लस कुठली, काका?"

"अदलाबदल झाली तरी हल्लीचे फोन तक्रार करत नाहीत. एकमेकींना चिकटू देऊ नका म्हणजे झालं."

बँकेत डेबिट-क्रेडिटची अदलाबदल झाली, तर सबंध शाखा रात्री नऊपर्यंत घरी जात नाही. फोनचा हा मोठेपणा पाहून मला भरून आले.

सोप्यातल्या जुन्या डबीचे स्क्रू सैल करून मी दोन्ही तारा चिमटीत धरल्या. ४८ व्होल्टना काय भ्यायचे! पण घंटा वाजवायची वेळ आली की त्याच तारांतून सत्तर-ऐंशी व्होल्टचा उलटसुलट प्रवाह येतो, हे काकांनी नंतर सांगितले. एकाएकी कोपरापर्यंत मुंग्यांची दिंडी धावत गेली आणि मी पाटावरून उडालो. फोन खणखणत होता. आईने उचलला. सांगलीहून सूनबाई.

"आई, त्यांना म्हणावं सांभाळून करा, शॉक बसेल."

"बसला," आई म्हणाली.

संध्याकाळी दोन्ही फोन एकदम वाजले आणि मी कृतार्थ झालो. पुढल्या आठवड्यात सांगलीहून लावला, तर उचलायला आठ घंटा!

"आता काय झालं?"

"आडवं पडून काय बोलायचं? उठून बसले, चष्मा लावला."

"ऐकायला चष्मा?"

"त्याशिवाय नीट ऐकू येत नाही."

तीस फूट वायर, वर जोड, एक शॉक, आणि निव्वळ नफा सहा घंटांचा. हा हिशेब मी कुणाला दाखवला नाही.

मग २०२१ चा जुलै आला. पुलाशी पाणी पुन्हा ४५ च्या वर गेले. रात्री सातारला फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजलीसुद्धा नाही.

"किती झालं?"

"पंचेचाळीस ओलांडलं. आपल्याकडे काही नाही, सगळे ठीक आहोत."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मी विचारले, "चष्मा लावलास का?"

"वीज गेलीय इथं," आई म्हणाली, "अंधारात चष्मा काय करायचाय?"