तापलेल्या बाटलीचा ताबा

वकिलीच्या धंद्यात 'ताबा' या शब्दाला जे महत्त्व आहे, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. जमीन कुणाच्या नावावर आहे, याहून ती कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न पुष्कळदा अधिक निकराचा ठरतो. आणि मुद्देमालाची एखादी वस्तू न्यायासनापुढे येते, तेव्हा ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, याची साखळी अखंड दाखवावी लागते. मधली एक कडी निसटली, की वस्तू खरी असूनही पुरावा लटका पडतो. हा विचार आमच्या इतका अंगवळणी पडला आहे, की घरात साधी औषधाची बाटली उचलली तरी, ही आपल्यापर्यंत किती हातांतून आली असेल, असे मनात येऊन जाते. परंतु बाटलीचा अगदी पहिला ताबा, ती जन्मल्या क्षणीचा ताबा कुणाचा, हा प्रश्न मात्र आम्हाला कधी पडला नव्हता. तो पडला एका दाव्यामुळे.

आमचे एक अशील सरबते बाटल्यांत भरून विकणारे. त्यांनी विकत घेतलेल्या बाटल्यांपैकी काही भरताना तडकू लागल्या. पाहावे तो मानेच्या खाली केसासारखी बारीक रेघ. उजेडात तिरकी धरली तरच चमकणारी. अशील म्हणत, हा दोष जन्मजात; कारखानदार म्हणत, हा तुमच्या हाताळणीचा प्रसाद. पक्षकारांची नावे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, आणि तो आमचा अधिकारही नाही. एवढेच सांगतो, की उभयपक्षांच्या संमतीने आम्ही तो कारखाना पाहावयास गेलो, आणि कायद्याच्या ग्रंथांत जे सापडले नसते ते तेथे एका भट्टीच्या धगीत उभे राहून शिकलो.

वाळू, सोडा, चुनखडी आणि जुन्या काचेचा चुरा यांचा रस भट्टीत सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसच्या उष्णतेवर खदखदत असतो. तिच्या मुखातून काचेची जाड धार उतरते आणि एक यांत्रिक कात्री तिचे सारख्या वजनाचे गोळे कापते. हे गोळे पन्हळींतून घसरत साच्यांत पडतात. पहिल्या साच्यात बाटली तोंड खाली करून अर्धीमुर्धी घडते. मग एक लोखंडी हात तिला उलटवून दुसऱ्या साच्यात उभी करतो, आणि तेथे दाबलेल्या हवेच्या फुंकरीने ती पूर्ण आकाराला येते. साचा उघडतो, तेव्हा ती नारिंगी तेजाने उजळलेली असते. दिसावयास बाटली, पण अंगाने अजून पुरती घट्ट झालेली नसते. तिची उष्णता सहाशे-सातशे अंशांच्या घरात असते.

या क्षणी वरून एक चिमटा येतो. स्वयंपाकघरातल्या सांडशीचाच तो थोरला भाऊ. परंतु सांडशीपेक्षा कितीतरी विनयशील. तो बाटलीला मानेपाशी धरतो, साच्यातून उचलतो, आणि छिद्रे असलेल्या एका पाटावर क्षणभर अधांतरी ठेवतो. पाटाखालून वारा येत असतो. बाटलीचा तळ जरा निवला, की चिमटा तिला अलगद टेकवतो आणि बाजूला होतो. मग बोटांसारखे आडोसे असलेला एक हात तिला कमानदार वळणाने ढकलून चालत्या पट्ट्यावर नेऊन सोडतो. हा हात एकदम हिसका देत नाही. तो सावकाश निघतो, मध्ये वेग घेतो आणि पट्ट्याशी चाल जुळवून पुन्हा मंदावतो. नाहीतर बाटली आडवी व्हायची. पुढे पट्ट्यावर बाटल्यांची ओळ लागली, की एक लांब दांडा ती अख्खी ओळ दुसऱ्या एका लांबट भट्टीत सारतो. तेथे बाटली साडेपाचशे अंशांच्या आसपास पुन्हा सारखी तापते आणि मग हळूहळू निवत दुसऱ्या टोकाला बाहेर पडते.

तेथील एक वयोवृद्ध कारागीर आमच्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, ही आता तान्ही आहे. हिला धरायचे, पण पकडायचे नाही." धरणे आणि पकडणे या दोन क्रियापदांतला भेद आम्ही फौजदारी न्यायालयांत पुष्कळ ऐकला होता, पण तो इतक्या नेमकेपणाने प्रथमच ऐकला.

या नाजूकपणाचे कारण घराघरांतल्या गृहिणीला ठाऊक असते. लोणच्यावर घालायची फोडणी निवल्यावाचून ती काचेच्या बरणीत ओतत नाही. काच उष्णता फार सावकाश वाहून नेते. त्यामुळे तापलेल्या काचेला गार लोखंड लागले, की जेथे लागले तेवढाच पृष्ठभाग एकाएकी आकसतो. आतला भाग मात्र तापलेलाच राहतो. बाहेरचा आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत पृष्ठभागावर केसभर चीर जाते. ती त्या क्षणी कुणाला दिसत नाही, आणि बाटली फुटतही नाही. ती फुटते पुढे कधीतरी, दुसऱ्याच कुणाच्या हातात. म्हणून चिमट्याची जिथे काचेशी गाठ पडते, तेथे उघडे लोखंड ठेवीत नाहीत. काच ज्याला चिकटत नाही आणि जे तिची उष्णता एकदम हिरावून घेत नाही, अशा पदार्थाचे अस्तर लावतात. शिवाय चिमट्याचे दोन्ही जबडे एकाच क्षणी मिटावे लागतात. एक आधी आला, की मऊ मान वाकलीच.

आमच्या दाव्यातील तडकलेल्या बाटल्या आम्ही पुन्हा एकदा ओळीने मांडल्या. प्रत्येक बाटलीच्या तळावर साच्याचा आकडा उठवलेला असतो. सर्व बाटल्यांचा आकडा एकच निघाला, आणि रेघही सर्वांवर एकाच उंचीवर, एकाच बाजूला. त्या साच्यासमोरच्या चिमट्याचे एका बाजूचे अस्तर झिजलेले होते. साक्षीदार उभा करण्याची वेळच आली नाही. दावा आपसांत मिटला.

कायद्यात यालाच 'वस्तू स्वतःच बोलते' असे म्हणतात. आणि योगायोग असा, की या तत्त्वाचा एक प्रसिद्ध खटला बाटलीचाच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ग्लॅडिस एस्कोला नावाची एक बाई उपाहारगृहात वाढपाचे काम करीत असे. पेयाच्या बाटल्या शीतकपाटात ठेवताना एक बाटली तिच्या हातातच फुटली आणि हात खोल कापला गेला. तिला बाटलीत नेमका दोष कोणता होता हे दाखवता येईना, कसे येणार? दोष दाखवणारी वस्तूच चक्काचूर झाली होती. 1944 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती ट्रेनर यांनी तर स्वतंत्र निकालपत्र लिहून मत मांडले, की हयगय सिद्ध होवो वा न होवो, सदोष माल बाजारात आणणाऱ्याने जबाबदारी घेतलीच पाहिजे. त्या वेळी हे मत त्यांच्या एकट्याचे होते. पुढे काही दशकांत तो अमेरिकेतील मोठ्या भागाचा कायदा झाला. ज्या चिमट्याला कुणी पाहिले नाही, त्याच्या चुकीचा भार ज्या बाईने ती बाटली केवळ उचलली तिच्यावर पडू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ.

काचेची ही हळवी प्रकृती शास्त्राने फार उशिरा उलगडली. इंग्लंडातील अभियंता ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ याने 1921 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले, की काच हिशेबाने जेवढी बळकट असावयास हवी त्याच्या लहानशा अंशानेही प्रत्यक्षात नसते, आणि याचे कारण तिच्यावरील डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म ओरखडे. नुकतीच घडलेली, कशाचाही स्पर्श न झालेली काच सर्वांत बळकट. पुढचा प्रत्येक खरखरीत स्पर्श तिचे बळ थोडे उणे करतो. म्हणून आजचे कारखाने बाटली गरम असतानाच तिच्यावर कथिलाच्या संयुगाची वाफ सोडून एक अतिसूक्ष्म कवच चढवतात, आणि निवल्यावर पुन्हा गुळगुळीत लेप देतात. शेजारच्या बाटलीशी घासली तरी ओरखडा उठू नये म्हणून.

येथवर ऐकून वाचकांस वाटेल, की बाटलीला हा केवढा मान! आम्हालाही वाटले. परंतु वकिलाला दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल मानायचा नसतो. या चिमट्याच्या जागी पूर्वी कोण होते?

पूर्वी तेथे मुले होती. फुंकनळीने बाटली फुंकणारा कारागीर निष्णात असे, पण त्याच्यासाठी साचा उघडमिट करणे, तोंड घडवण्यासाठी बाटली सांगाड्यात धरून देणे, आणि घडलेली बाटली लांब दांड्यावर तोलत निवण्याच्या भट्टीकडे धावत नेणे, ही कामे दहा-बारा वर्षांची पोरे करीत, रात्रपाळीतही करीत. अमेरिकेत लुईस हाइन याने 1908 पासून पुढे काढलेल्या छायाचित्रांत ही मुले आजही आपल्याकडे पाहत उभी आहेत. त्यांच्यापैकीच म्हणावा असा एक मुलगा म्हणजे मायकेल ओवेन्स. 1859 साली एका खाणकामगाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी काचेच्या कारखान्यात लागला, आणि त्यानेच पुढे 1903 च्या सुमारास बाटल्या आपोआप बनवणारे यंत्र सिद्ध केले. मुलांची मजुरी बंद व्हावी म्हणून झगडणाऱ्या तेथील राष्ट्रीय समितीने 1913 साली मान्य केले, की कायद्याने जे आपल्याला साधले नव्हते ते या यंत्राने साधले. कायद्यावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्याला हे वाक्य गिळणे सोपे नाही. आणि त्याचीही दुसरी बाजू आहेच: मुलांबरोबर त्या निष्णात फुंकणाऱ्यांचेही काम गेले.

आपल्याकडची कथा निराळी. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसाफंडातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. 1916 साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, त्याच्या भोवती कऱ्हाडजवळची ओगलेवाडी वसली आणि 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. आपली काच आपण करावी, या निश्चयाचा तो प्रकाश होता, आणि त्याचे मोल कमी नाही. तरी या देशात काचेच्या भट्टीपासून मुलांना दूर करण्यास कायद्याला फार काळ लागला. 1948 च्या कारखाना अधिनियमाने चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यात मज्जाव केला. संविधानाच्या 24 व्या अनुच्छेदाने तोच मूलभूत हक्क ठरवला. तरीही फिरोझाबादच्या काचभट्ट्यांत मुले राबत असल्याचे पुढे कित्येक दशके बोलले आणि लिहिले गेले. 1986 चा कायदा आला, 2016 साली तो अधिक कडक झाला. कलम लिहिणे सोपे. कलमाचा हात भट्टीपर्यंत पोचणे कठीण.

मग मुले गेली आणि अवजारे आली, तेव्हा तरी माणूस सुटला काय? तापलेल्या काचेला सोसेल असे अस्तर शोधताना कारखानदारीला ॲस्बेस्टॉस सापडले. न जळणारे, मऊ, विणता येणारे. चिमट्यांची टोके, दांड्यांची आवरणे, कामगारांचे हातमोजे, सारे त्याचे झाले. काचेला चीर जाईना. परंतु त्या धाग्यांची धूळ श्वासावाटे माणसाच्या फुफ्फुसात उतरत होती. तिनेही केसासारखी रेघ ओढली, जी त्या क्षणी दिसली नाही आणि वीस-तीस वर्षांनी उघडी पडली. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयीच्या खटल्यात सांगितले, की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि त्यांच्या तब्येतीच्या नोंदी किमान 40 वर्षे जपून ठेवाव्यात असा आदेश दिला. चाळीस वर्षे! बाटलीतली चीर शोधायला उजेडात एक वळण पुरते. माणसातली चीर शोधायला अर्धे आयुष्य थांबावे लागते. आता चिमट्यांना ग्रॅफाइटची आणि कार्बनच्या मिश्रणांची अस्तरे आली आहेत. काचेने मागितलेला मऊपणा माणसाला न मारताही देता येतो, हे कळण्यास इतका काळ गेला.

तो दावा मिटल्यापासून आमच्या कामातही एक लहानसा फरक पडला आहे. आमच्याकडे येणारा मनुष्य बहुधा तापलेलाच येतो. भावाने वाटणीत फसवलेला, सासरहून निघून आलेली, कर्ता मुलगा अपघातात गेलेला बाप. पूर्वी आम्ही प्रथम कागद मागत असू. कागदावाचून वकिलाचे चालत नाही, हे खरेच. आता आधी पाणी देतो, बसवतो, बोलू देतो; कागद नंतर मागतो. पहिला गार प्रश्न जेथे लागतो, तेथेच मनुष्य पुढे उलटतपासणीत तडकतो, हे आम्ही पुरेसे पाहिले आहे. निवणे आणि निवाडा हे शब्द व्युत्पत्तीने सख्खे नसतील. अनुभवाने ते शेजारी आहेत खास.

आणि वाचकहो, यंत्राच्या कोमलतेची कुणी वाखाणणी केली, तर ती अवश्य ऐकावी. ती खोटी नसते. फक्त दोन प्रश्न विचारावेत. या यंत्राआधी येथे कुणाचा तळहात होता, आणि तो तळहात आज कोठे आहे? तो शाळेत पाटीवर असेल, तर यंत्राला नमस्कार करावा. तो दुसऱ्या एखाद्या भट्टीपाशी गेला असेल, तर बाटली शाबूत निघाली, पण खटला अजून उभाच आहे, असे समजावे.