नाइस

२०१९ साली मुलाकडे शांघायला तीन महिने राहिलो. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस रिकामा बसला, की घरच्यांना त्रास होतो. हिनं तो वेळीच ओळखला आणि शेजारची चार चिनी मुलं माझ्यापुढे आणून बसवली.

मुलं गुणी. पण निबंधात हवा नाइस, आई नाइस, नूडल्स नाइस आणि शेवटी ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, तेही नाइस! नूडल्सच्या पंक्तीला बसणं मला काही मानवेना. आतला मास्तर जागा झाला.

म्हटलं, "बाळांनो, या शब्दाचं कूळ ठाऊक आहे का? लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. त्यातून झाला ‘नेस्कियुस’, म्हणजे अडाणी. जुन्या फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा नाइस म्हणजे चक्क मूर्ख! पुढे नखरेल, मग चोखंदळ, मग काटेकोर असं करत करत अठराव्या शतकात तो छान होऊन बसला."

गावातलं उनाड पोरगं पुढे सरपंच व्हावं, तसंच हे. १८१७ अखेर निघालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’त जेन ऑस्टिननंही या शब्दाच्या अतिवापराची थट्टा केली आहे. तेही सांगून टाकलं.

सगळ्यांत धाकटी मुलगी म्हणाली, "आमचा ‘हाओ’ सोपा आहे. बाई काढायची, शेजारी मूल काढायचं. झालं चांगलं!"

मी न ऐकल्यासारखं केलं. विद्यार्थ्याचं उत्तर आपल्यापेक्षा बरं असलं, की मास्तरांना थोडं कमीच ऐकू येतं.

निघायच्या आदल्या दिवशी मुलांनी कार्ड आणून दिलं. आत लिहिलं होतं : ‘लाओशी, तुम्ही मुळीच नाइस नाही. आभारी आहोत.’

हसलो खरा, पण रात्री झोप येईना. तीस वर्षांच्या नोकरीत कडक, खडूस, जमदग्नी अशी पुष्कळ विशेषणं मिळाली. काही तर फळ्यावर लिहिलेली वाचली. नाइस कुणी म्हटलं नव्हतं. परमुलखात चार पोरांनी पहिल्यांदा म्हटलं, तर मी त्याची व्युत्पत्ती सांगत बसलो!

हिला उठवून हे सांगितलं. कूस बदलत ती म्हणाली, "शहाणेच आहात!"

मूर्खाचा छान झाला तो नाइस. शहाणा बिचारा नेमका उलट्या वाटेनं गेला. जिभेवर आलं होतं, पण बोललो नाही. शांघायात मी शिकलो ते एवढंच.