नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची खरी इस्टेट लॉकरमध्ये नसते, ती सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असते. जुन्या सोसायट्यांत ते सहसा पन्नास रुपयांच्या पाच शेअर्सचं. कागदावर अडीचशे रुपये, आणि त्याच्या जोरावर ठाण्यात किंवा कोथरूडला कोटभराचा फ्लॅट. हे घर घ्यायला माणसं वीस-वीस वर्षं हप्ते फेडतात. ते पुढच्या पिढीकडे कसं जायचं, हा प्रश्न मात्र नॉमिनेशनचा एक फॉर्म भरून मिटवतात. मालमत्तेच्या कागदपत्रांची वकिली करताना माझ्याकडे येणारी बरीच भांडणं त्या फॉर्मपाशीच सुरू झालेली असतात.

थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलं की घर थोरल्याचं, असं वडील समजतात, थोरलाही समजतो. पण नॉमिनी मालक होत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तर नॉमिनीला स्पष्टच तात्पुरता सभासद म्हटलं आहे. खरे वारस ठरेपर्यंत त्याने घर सांभाळायचं, एवढंच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. मुलीला लग्नात दिलं ते दिलं. त्याची वजावट कायदा करत नाही. हयात असलेल्या आईचाही वाटा असतो, हे ऐकून अनेक सुना चमकतात. वडिलांना मात्र या पहिल्या रांगेत जागा नाही.

बाईच्या मालकीच्या घराचा हिशेब याहून वेगळा, आणि माझ्या मते अन्यायाचा. २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, त्यामुळे तशी खरेदी अनेक जण करतात. ते योग्यच आहे. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ कुणी वाचत नाही. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या कमाईचं घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये असाच खटला आला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, बाई माहेरी राहून शिकली, नोकरी केली. तिच्या मागे तिची मिळकत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असंच न्यायालयाचं म्हणणं होतं.

आणखी एक मेख आहे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत अशा वेळी तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तेच घर वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने दिलं असेल, तर तो वारसा धरला जात नाही, आणि ते सासरकडे वळतं.

बक्षीसपत्राचा मोह मोठा आहे खरा. राहतं घर नवरा, बायको, मुलं किंवा नातवंडांना द्यायचं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क अवघं दोनशे रुपये, वरचे अधिभार वेगळे. भावाला किंवा बहिणीला द्यायचं असेल तर ही सवलत नाही. पण स्वस्त आहे म्हणून राहतं घर मुलाच्या नावावर करून टाकायला मी सहसा नकोच म्हणते. नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात त्यातून वाट आहे, पण सांभाळण्याची अट लिहिलेली असेल तर ती वाट सोपी. आणि पोटच्या पोरासमोर अशी अट घालायला बापाची जीभ रेटत नाही.

त्यापेक्षा मृत्युपत्र बरं. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, आणि मन बदललं तर नवं करता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ते साक्षीदार वयाने आपल्याहून लहान निवडावेत. सकाळच्या फिरण्यातले समवयस्क मित्र सही आनंदाने करतात. पण ती सही शाबीत करायला कोर्टात उभं राहायची वेळ येईल, तेव्हा तेही असतीलच असं नाही.